पळस आणायला गेलेली चौदा पोरं

मी चौदा पोरं घेऊन डोंगर चढले आणि चौदाच घेऊन उतरायला लागले. मोजणीत माझी चूक नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या गावात अजूनही काही जण ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात आणि त्यात मला वेंधळी ठरवतात.

मी रेणुका, कासारीण. इंद्रवेल्लीपासून दोन कोसांवर आमचं गाव, तिथं आमचं बांगड्यांचं छोटं दुकान. गावातल्या प्रत्येक बाईचा आणि पोरीचा हात माझ्या ओळखीचा. चेहरे मी विसरते, नावं तर हमखास विसरते, पण एकदा बांगड्या भरलेला हात विसरत नाही. कुणाच्या अंगठ्याचा सांधा आडवा येतो, कुणाचा तळवा कापूस वेचून खरखरीत झालाय, कोण बांगडी चढताना हात आखडून घेते, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. माझे मालक केशवराव म्हणतात, ह्या बाईला माणसं मनगटापासून पुढंच दिसतात. म्हणू देत.

गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या होळीची. पूर्वी होळीच्या आदल्या दिवशी गावातली पोरं डोंगरावर जायची आणि पोतंभर पळसाची फुलं आणायची. रात्री ती हंड्यात भिजत घालायची आणि त्याच पाण्यानं धुळवड खेळायची. खालचे पळस शेतांसाठी तोडले गेले होते, म्हणून डोंगर. पण एक्क्याऐंशी साली इंद्रवेल्लीत गोंडांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तेव्हापासून पोरांना वर पाठवणं बंद झालं. वरच्या गुड्यातले, म्हणजे पाड्यातले, गोंड लोक आणि आम्ही खालचे, आमच्यात भांडण काहीच नव्हतं. पण भीती बसली ती बसली. मीही टोपली घेऊन गुड्यागुड्यांतून हिंडायचे, ते सोडून दिलं. सहा वर्षं पोरं दुकानातल्या पुडीच्या रंगानं खेळली. त्या पुडीनं आदल्या वर्षी मोतीराम नावाच्या पोराच्या गालांवर असे फोड उठले की तो पंधरा दिवस तोंड लपवून हिंडत होता.

म्हणून त्या वर्षी पोरं हट्टाला पेटली. शाळेचे सार, म्हणजे मास्तर, आदिलाबादहून बसनं ये-जा करायचे, त्यांना डोंगराचं नाव काढलं की गुडघा दुखायचा. मग सगळी पलटण माझ्या दुकानासमोर येऊन बसली. "मावशी, वाट तुमालेच माईत हाय," असं खुशाल म्हणाला. हा सगळ्यांत मोठा, बारा वर्षांचा, आणि बोलणं मात्र सरपंचाचं. मी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, मग त्यांच्या आयांना विचारून या म्हटलं. तेरा आया तयार झाल्या. चौदावी मनकर्णा.

मनकर्णाचं सांगायला हवं. तिची तीन मुलं बारशाआधीच गेली. चौथी मुलगी झाली तेव्हा तिच्या सासूनं मला बोलावणं धाडलं. बाळ सुपात ठेवलं होतं. मी ओंजळीत मूठभर कोंडा नेला, तो सासूच्या पदरात टाकला आणि पोर विकत घेतली. मग मनकर्णाला म्हणाले, ही माझी पोर, तुले पोसाले देऊन राह्यली. असं केलं की आईच्या नशिबातली मुलं उचलून नेणाऱ्याला ती पोर सापडत नाही, परक्याची म्हणून तो सोडून देतो. नावही कुणाला हेवा वाटू नये असं, भिकी. दर होळीला पाच घरांतून कापडाचे तुकडे मागायचे आणि त्यांचा तिला झगा शिवायचा. लाल, निळा, फुलाफुलांचा, पट्ट्यापट्ट्यांचा असा तो झगा चार शेतं पलीकडून ओळखू यायचा. भिकी मला कोंडामाय म्हणायची आणि मला ते फार आवडायचं, मी दाखवायचे नाही एवढंच.

पोर जगली, नऊ वर्षांची झाली, पण मनकर्णाचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. भिकी शाळेत बसली की ती बाहेर निंबाखाली वाती वळत बसायची. भिकी नाल्यावर गेली की मागं ती. झोक्यावर बसली की दोर हिच्या हातात. रस्त्यानं तर पोरीचं डावं मनगट सोडायचीच नाही. भिकीच्या डाव्या हातातल्या बांगड्या महिन्यात फुटायच्या आणि उजव्या तशाच राहायच्या. माझ्या धंद्याला ते चांगलं होतं, पण बघवत नव्हतं.

भिकीनं विचारलं तेव्हा मनकर्णा सरळ नाही म्हणाली. मग म्हणाली, मीबी येते. मला राग आला. राग मला लवकर येतो.

"तू आली तं मी नाई जात," मी म्हटलं. "पोर कोणाची हाय? मी इकत घेतली ना? तुले पोसाले देली. एक दिवस मले माही पोर पायजे."

मनकर्णा उंबऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिवा लागाच्या आत माह्या हाती दे, बाई. मले बाकी काई नाई पायजे."

"जशी नेली तशी देईन," मी म्हटलं. आता जीभ माझी, शब्द माझा, आणि पोर तिची. रात्रभर मला झोप लागली नाही.

सकाळी उजाडताना निघालो. चौदा पोरं, दोन पोती, भाकऱ्या, तिळाची चटणी, कांदे आणि मोतीरामचा वेगळा डबा. त्याच्या आईला वाटायचं की गावाबाहेर गेलं की भूक दुप्पट लागते, आणि त्याच्या बाबतीत ते खरंही होतं. मी सवयीनं बांगड्यांची एक लहान चळत कापडात बांधून घेतली. ती घरी ठेवली असती तर हे काहीच घडलं नसतं.

नाला कोरडा होता. तो ओलांडला की पायवाट सागाच्या पानगळीतून वर चढते. पाचोळा इतका की चौदा पोरांच्या चालण्यानं एखादं म्हशींचं खिल्लार जावं तसा आवाज होत होता. वानरं झाडांवरून आमच्याकडे बघून ओरडत होती आणि पोरं त्यांच्याकडे बघून ओरडत होती. कोण जास्त चांगलं ओरडतं ह्यावर खुशालनं निकाल दिला, वानरं हरली. मोहाची झाडं लागली तशी हवेला गोड वास आला. पोरांनी खाली पडलेली फुलं वेचून तोंडात टाकली. फार खाल्ली तर डोकं फिरेल म्हणून मी दटावलं, आणि दोन मीही खाल्ली.

भिकीनं नाला ओलांडताना आपलं डावं मनगट आपणहून माझ्या हातात दिलं होतं. मागितलं नव्हतं मी. गाय दाव्याला मान देते तसं. अर्धा डोंगर ती तशीच चालली. पुढं एक सपाट मोकळी जागा लागली तिथं मी हात सोडला. पोर जागच्या जागी उभी. तिला कळेचना की आता काय करायचं. बाकीची पोरं पुढं पळाली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मी मुद्दाम मोहाच्या शेंड्याकडे बघत होते, जणू तिथं कुणी ओळखीचं बसलंय. मग ती चार पावलं चालली. मग पळाली. दहा पावलांवर धाडकन पडली. रडायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मी अजून शेंड्याकडेच. तिनं तोंड मिटलं, गुडघा झाडला आणि पुन्हा पळाली. बघायला कुणी नव्हतं, आता सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वर पठारावर पोचलो आणि पोरं गप्पच झाली. पान एकसुद्धा नाही, नुसते पळस फुललेले, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहा वर्षांनी मी ते बघत होते. त्या चौदातल्या बऱ्याच जणांनी तर आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग एकदम कल्ला झाला. पोरगे झाडांवर, पोरी खाली झगे पसरून. दोन पोती दुपारपर्यंत भरली. भाकऱ्या खाल्ल्या. मी जरा पाठ टेकली तेवढ्यात कुणीतरी माझ्या तंबाखूच्या बटव्यातली चुन्याची डबी लांबवली. पळसाच्या फुलांत चुना पडला की रंग कसा धरतो हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे. दगडावर ठेचलं, पाणी घातलं, आणि मी डोळे उघडले तर समोर चौदा शेंदरी मारुती. डोळे, दात आणि कान सोडले तर एकाचाही चेहरा ओळखू येईना. मी ओरडले, शिव्या दिल्या, चुना डोळ्यांत गेला असता म्हणजे, वगैरे सगळं बोलले. तोवर भिकी मागून आली आणि तिनं माझ्या दोन्ही गालांना रंग लावला.

पाणी संपलं म्हणून आम्ही गुड्यावर गेलो. वीस-पंचवीस घरांचा गुडा, शेणानं सारवलेला, स्वच्छ. मला धाकधूक होती. पण विहिरीवरच्या म्हातारीनं मला त्या रंगलेल्या तोंडासकट ओळखलं. "कासारीन आली," ती मोठ्यानं म्हणाली, आणि घराघरांतून बाया बाहेर आल्या. सहा वर्षं कुठं होती, मेली का काय वाटलं, असं सगळं झालं. मग एकीनं विचारलं, बांगड्या आणल्या का.

आता इथं चूक माझी. पोरांना म्हटलं, लांब जाऊ नका, आणि ओसरीवर बसून चळत सोडली. सहा वर्षांत त्या हातांचं काय काय झालं होतं. माझ्याकडून लग्नाचा चुडा भरलेल्या पोरींच्या कडेवर आता पोरं होती. दोन हात आता नव्हते, त्यांच्याबद्दल विचारलं, रडलो, पुन्हा हसलो. अंगणात आमची पोरं आणि गुड्यातली पोरं एक झाली होती. आमच्यांनी त्यांनाही रंगवलं होतं. त्यांना मराठी येत होतं तेवढं, आमच्यांना गोंडी मुळीच नाही, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. तास गेला की दोन, मला कळलं नाही. दिलेला शब्दही त्या वेळी माझ्या ध्यानात नव्हता. हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

सूर्य कलला तशी मी दचकून उठले. पोरांना ओळीत उभं केलं आणि डोकी मोजली. चौदा. पाच घरांच्या तुकड्यांचा झगा शेवटून तिसरा, तोही पाहिला. पुन्हा मोजलं, पुन्हा चौदा. पोरं सगळी एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसत होती. मला वाटलं माझ्या गालांच्या रंगाला हसतायत.

उतरताना मी घाई केली. अर्ध्या वाटेवर एक सपाट खडक आहे, त्यावरून पाय घसरतो, तिथं लहानांना हात द्यावा लागतो. मी खाली उभी राहिले आणि एकेकाला उतरवू लागले. मोतीरामला उतरवलं, त्याच्या पोत्याला उतरवलं. मग झग्यातल्या भिकीनं हात दिला.

तो हात मी कधी भरलेला नव्हता.

भिकीचा हात मऊ, आईनं कधी काडी उचलू दिली नाही असा. हा तळवा मुसळानं घट्टे पडलेला, अंगठ्याचा सांधा जाड, मनगट रुंद. मी हात तसाच धरून वर पाहिलं. शेंदरी चेहऱ्यातले दोन डोळे माझ्याकडे बघत होते, धीट आणि अनोळखी.

"तू कोन व?" मी विचारलं.

"जंगू," ती म्हणाली.

"भिकी कुठी हाय?"

जंगूनं वर गुड्याकडे बोट दाखवलं. मी खडकावर बसलेच. मग आठवलं की बाकीची तेरा अजून हसतायत.

"खुशाल," मी म्हटलं, "इकडं ये."

खुशालचं हसू विरलं. सरपंची उतरली आणि तो बारा वर्षांचा झाला. त्याच्याकडून जे निघालं ते असं. जंगूनं भिकीला सांगितलं होतं की मोहाची फुलं पहाटे गळतात, अंधार असतानाच, आणि गुड्यातल्या पोरी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात तेव्हा ती अंगावर टपटप पडतात. भिकीला ते बघायचं होतं. जंगूला लाल बस बघायची होती, तिनं ती कधी बघितली नव्हती. दोघींनी घराच्या मागं जाऊन कपडे बदलले. सगळ्यांना शपथ घातली. उद्या सकाळी जंगू वर येणार आणि भिकी खाली.

"आन् तिची माय?" मी ओरडले. "संध्याकाळी तिच्या मायले मी काय देऊ?"

"भिकी म्हने, मायले संध्याकाळी पोर पायजे ना," खुशाल खाली बघत म्हणाला. "ते पोर पाठोली तिनं. जंगूले."

मला ती तिथंच सापडली असती तर बदडून काढली असती. आणि खरं सांगायचं तर त्या पोरीचं काय चुकलं होतं? जन्मल्यापासून तिनं हेच ऐकलं होतं की तू ह्या आईची नाहीस, त्या आईची आहेस, मूठभर कोंड्यावर पोर इकडची तिकडं होते. तिला वाटलं, आयांचं असंच चालतं. आणि तो झगा, जो मृत्यूला फसवायला शिवला होता, त्यानं मला फसवलं होतं.

मोठ्या पोरांबरोबर लहानांना खाली धाडावं असं मनात आलं. पण एकदा मोजणीत फसलेली मी आता दोन ठिकाणी मोजणार नव्हते. "सगळे परत वर," मी म्हटलं. वाटलं होतं, रडतील. तर पोरांनी जल्लोष केला. दिवसातून दोनदा डोंगर चढायला मिळणार म्हणून ती लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखी निघाली. मोतीरामनं एवढंच विचारलं की वर जेवायला मिळेल का.

मी मात्र त्या चढणीवर म्हातारी झाले. सूर्य डोंगराच्या कडेला टेकत होता. पोर विहिरीत डोकावली असेल, जंगलात गेली असेल, वाट शोधत एकटी खाली निघाली असेल आणि भलत्याच नाल्यात उतरली असेल, काय काय डोळ्यांसमोर आलं. मनकर्णाचा उंबऱ्याकडे बघणारा चेहरा तर हलेचना. त्या बाईनं तीन पोरं मातीत ठेवली होती आणि चौथी मला दिली होती. मला सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटली सांगू? ती मला काही बोलणार नाही ह्याची.

गुड्यात जंगूची आई अंगणात ज्वारी कांडत होती. मी धापा टाकत विचारलं, "तुही लेक खाली चालली होती, तुले माईत होतं का?"

"नाई," ती म्हणाली. तिनं जंगूच्या अंगातल्या झग्याकडे पाहिलं आणि हसली. "पोरी जातेत. येतेत."

"आन् आमची?"

तिनं मुसळानं टेकाडाकडे दाखवलं.

टेकाडावरून सात-आठ पोरं खाली पळत येत होती. सगळ्यांच्या मध्ये जंगूचं आखूड लुगडं कासोट्यासारखं खोचून, अनवाणी, केस मोकळे, दोन्ही हात पसरून भिकी पळत होती. सकाळी दहा पावलांवर पडणारी पोर उतारावरून अशी येत होती की मलाच धडकी भरली. ती ओरडत होती. काय ओरडत होती कुणास ठाऊक, तिलाही माहीत नसावं. माझ्यासमोर येऊन थांबली, दम खाल्ला, आणि मला बघून तिला आश्चर्य वाटलं.

"कोंडामाय, तू काऊन आली?"

मी हात उगारला होता. तो तसाच वर राहिला. मारायला गेले आणि मिठी मारून बसले, आणि मग हसायलाच आलं, ते थांबेना. जंगूची आई हसली, म्हातारी हसली, पोरं तर काय वाटच बघत होती.

"मोहं बघासाठी मी पुन्हा आनीन तुले," मी म्हटलं. "पर मायले इचारून. दुसरी पोर पाठवून नाई."

"दुसरी पोर मायले चालत नाई का?" तिनं विचारलं.

"नाई चालत."

"तुले चालते?"

"मलेबी नाई चालत," मी म्हटलं, आणि ते मलाही तेव्हाच कळलं.

कपडे पुन्हा बदलले. जंगूचं तोंड पडलं होतं. तिची आई म्हणाली, येत्या बाजाराच्या दिवशी तिला इंद्रवेल्लीला नेते, बस पायजे तितकी बघू दे. मी चळतीतल्या उरलेल्या चार हिरव्या बांगड्या जंगूच्या त्या रुंद मनगटात भरल्या. पैसे घेतले नाहीत. केशवरावांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

पुन्हा निघालो तेव्हा सूर्य बुडाला होता आणि समोरून चतुर्दशीचा चंद्र वर येत होता. वाट दिसत होती. पोरं दमली होती पण बोलायची थांबली नव्हती. भिकी माझ्या पुढं चालत होती. खडकावर मी हात पुढं केला. तिनं तो धरला, उतरली आणि लगेच सोडवून घेतला.

मोहाच्या झाडांपाशी पोचलो तोच खालून पाचोळा वाजला. खुशाल म्हणाला, अस्वल. अस्वल नव्हतं. हातात न पेटवलेला कंदील, एका पायात चप्पल, पदर कुठं अडकून फाटलेला, मनकर्णा वर येत होती. ह्या बाईनं जन्मात डोंगराला पाय लावला नव्हता. दिवेलागण झाली आणि ती निघाली होती, कुणालाही न सांगता.

ती पोरांच्या घोळक्यात घुसली, भिकीला धरलं, पदरानं तिचं तोंड पुसलं, रंग काही निघेना, तरी पुसत राहिली. पोरं गप्प झाली. शपथ होती ना. सगळी माझ्याकडे बघू लागली. खोटं बोलले असते तर खपलं असतं. पोर समोर होती, चौदा होती, उशीर झाला एवढंच. मलाही मोह झाला. पण ज्या बाईनं आपली पोर दिली तिच्यापासून माझी चूक लपवणं मला जमेना, पोरांची शपथ मात्र मी राखली.

"मनकर्णा," मी म्हटलं, "मी बांगड्या भरत बसली. पोट्टीले वर इसरून अर्ध्या वाटेपर्यंत आली होती. परत जाऊन आणली."

मनकर्णाचा हात थांबला. "एकटी होती?"

"होती. आमच्यातलं कोनी नव्हतं."

"किती येळ?"

"दोन तास तरी."

ती खाली बसली. मला वाटलं, आता रडेल, किंवा मला सोडणार नाही. ती भिकीकडेच बघत होती. फुटलेला गुडघा, पाचोळा भरलेले केस, पायांची माती, सगळं एकेक करून बघत होती.

"माय, मी पळाली," भिकी म्हणाली. तिला वाटलं मुख्य गोष्टच आईला कळलेली नाही. "टेकाडावरून खालपर्यंत. चार डाव."

"पडली नाई?"

"दोन डाव पडली."

"मंग?"

"मंग उठली," भिकी म्हणाली.

मनकर्णानं मान हलवली. उठली. भिकीचं डावं मनगट मुठीत घेतलं आणि उतरायला लागली. मी मागं. बाकीची पोरं पुढं पळाली होती, खालून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मोतीराम ओरडून सांगत होता की नाल्यात जो आधी पोचेल त्याला त्याच्या डब्यातला उरलेला लाडू. भिकी आईच्या हाताला धरून चालत होती, पण चालणं तसं नव्हतं. पावलागणिक ती पुढं ओढत होती. मनकर्णाला ते कळत होतं, मला मागून तिच्या खांद्यावरून दिसत होतं.

दहा-वीस पावलं अशीच गेली. मग मनकर्णाची मूठ उघडली. एकदम नाही, एकेक बोट.

भिकी क्षणभर थांबली, आईकडे वळून पाहिलं, आणि पळाली. वळणावर झगा दिसला, मग झाडांत गेला. पाचोळ्याचा आवाज थोडा वेळ आला आणि तोही बाकीच्यांच्या आवाजात मिसळला.

आम्ही दोघी मागून चालत राहिलो. मनकर्णा हळू चालत होती, दगड बघून पाय टाकत होती. वळण ओलांडल्यावर ती म्हणाली, "बाई, तुले दिसून राह्यली का पोर?"

"नाई," मी म्हटलं.

"मलेबी नाई दिसत," मनकर्णा म्हणाली, आणि तशीच हळू चालत राहिली.